प्लॉटवर बसवलेला देव

नोकरीत मी बरीच प्रेतं पाहिली, पण चामटोलीच्या बाजूला एका प्लॉटवरच्या खड्ड्यातून काढलेला मजूर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नावं कोणाचीच लिहिणार नाही. मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. मधली एकही पायरी कोणाच्या चिठ्ठीवर चढलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या प्लॉटवर इमारत उठणार होती. पाण्याच्या टाकीचा खड्डा खणताना जवळच्या वाडीवरचा एक मजूर आत कोसळला आणि तिथंच मेला. ठेकेदाराचा जबाब तयार होता : दारू पिऊन उतरला, तोल गेला. सदऱ्याला दारूचा भपकाराही येत होता. ठाणे अंमलदारानं अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, मी पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असताना मजुराची बायको ठाण्याच्या दारात येऊन बसली.

"सायेब, माझा माणूस दारूला शिवत नव्हता. कागदावर बेवडा लिवलाय, त्यो पुसा."

"रिपोर्ट येऊ दे बाई, मग बघू."

"दवाखान्यात मी वास घेतला. सदऱ्याला दारू हाय, तोंडाला नाय. माणूस दारू तोंडानं पितो का सदऱ्यानं?"

मी पंचनाम्याचा कागद परत पुढं ओढला. ती म्हणाली, "पोरांना जलमभर बेवड्याची पोरं म्हनतील. तेवढं नको."

त्याच खड्ड्यावर काम करणाऱ्या दोघांना बोलावलं. आधी ते तोंड उघडेनात. मी चहा पाजला, ठेकेदाराला आवाराबाहेर काढलं, मग बोलले. खड्ड्याच्या एका कडेला कुदळ लागली तशी सडक्या अंड्यासारखी घाण सुटली, डोळे जळाले, हे दोघे वर पळाले, तो आतच राहिला. दारू नंतर ठेकेदाराच्या माणसानं अंगावर ओतली.

म्हणजे जमिनीत काहीतरी होतं. ज्यानं जमीन घेतली तो उल्हासनगरचा बिल्डर घामाघूम होऊन आला. "साहब, मैं अंधा नहीं हूँ. घ्यायच्या आधी पूर्ण जागेची तपासणी केली. मातीची, पाण्याची. सगळं क्लीन आलं."

तपासणी करणाऱ्या इंजिनीअरला विचारलं, माती कुठून घेतली? तो सरळ माणूस होता. म्हणाला, "सगळीकडे भोकं पाडली साहेब. एक जागा सोडून. तिथं शेंदराचा देव आहे. मजूर मशीन लावायला तयार होईनात. जमीनमालक पण म्हणाले, तेवढी सोडा, कोप होईल."

टाकीचा खड्डा त्या देवाला खेटूनच होता.

जाऊन बघितलं. गुडघ्याएवढा दगड. गावच्या वेशीवरचे देव मी लहानपणापासून बघत आलोय. पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढतो आणि त्याचं जाड कवच होतं. इथं नख लावलं तर खाली ताजा फुटलेला काळा दगड. शेंदराचा एकच थर. मजुराच्या बायकोला विचारलं, ह्या देवाला कोंबडा कोण देतं? ती म्हणाली, "आमी लहानपनापास्नं हितं गवत कापतो. हितं देव नव्हता."

जमीन विकणाऱ्याला ठाण्यात घेतलं. गावात त्याला सगळे दादा म्हणायचे. पायावर पाय टाकून बसला. "काय हवालदारसाहेब, आता देवाची पण चौकशी का?"

"सहायक फौजदार. देव कधीचा?"

"आजोबांच्या आधीचा."

"मग चला, त्याच्यावर हात ठेवून सांगा, जमिनीत काही पुरलं नाही."

लगेच उठला. प्लॉटवर गेला आणि पायातल्या चपलेसकट देवाजवळ जाऊन दगडावर हात ठेवला. "शपथ." चेहऱ्यावर एक रेष हलली नाही.

मी त्याला परत जीपमध्ये बसवलं. जीप गावदेवीच्या देवळापाशी नेली. "आता हीच शपथ इथं घ्या." दादानं बाहेरच चपला काढल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावला, आणि तिथंच थांबला. आत जाईना.

"का हो दादा? तिकडं तर चपला पण काढल्या नव्हत्या."

तो पायरीवर बसला. "साहेब, देवीसमोर नका नेऊ. सांगतो."

जुन्या दगडखाणीच्या खड्ड्यात कारखान्यांकडून येणारे केमिकलचे ड्रम त्यानं वर्षानुवर्षं पुरून घेतले होते. जमीन विकायची ठरली तेव्हा वर मुरूम टाकला आणि कोणी खणू नये म्हणून देव बसवला.

पंच आले, प्रदूषणवाले आले, जेसीबी आला. चालक म्हणाला, "साहेब, खोटा असला तरी शेंदूर आहे, मी हात नाही लावणार." आम्ही त्याची समजूत घालतोय तोवर मजुराची बायको पुढं झाली. पदर खोचला, पहार घातली आणि दगड उलटा पाडला. "ह्यानं माझा माणूस खाल्ला," एवढंच म्हणाली. आम्ही तिला लांब नेलं. खाली गंजून फुटलेले ड्रम निघाले. त्यांच्यावरची नावं खरवडलेली होती. ते कोणत्या कारखान्याचे, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. दादा आणि ठेकेदार जामिनावर सुटले.

व्हिसेऱ्याच्या अहवालात दारू आली नाही. मी तो बाईला वाचून दाखवला. तिनं परत वाचायला लावला, मग पोरांना पुढं बसवून तिसऱ्यांदा.

आता बेलवलीपासून वांगणीपर्यंत जिकडं तिकडं प्लॉट विकतात. नातेवाईक विचारतात, जागा घ्यावी का? मी म्हणतो, तपासणी करा, पण जिथं खणू नका म्हणतील तिथं पहिलं भोक पाडा. भीती माणसाला खरं बोलायला लावते तशीच खोटं झाकायलाही कामाला येते, हे मला त्या प्लॉटवर कळलं. तो मजूर मेला म्हणून ते ड्रम सापडले. नाहीतर इमारत उभी राहिली असती, माणसं राहायला आली असती, आणि बायकांनी रोज संध्याकाळी त्या दगडापुढं दिवा लावून पोराबाळांचं आरोग्य मागितलं असतं.