शिक्षेसाठी भरती

तिन्ही सैन्यदलांना एका टेबलाशी बसवायचं काम संरक्षणमंत्र्यांचं, असं कागदावर लिहिलेलं होतं. खरं काम करायचा तो संयुक्त मुख्यालयातला मिस्त्री. भूदलाला सगळी जमीन, नौदलाला सगळं पाणी, हवाई दलाला अख्खं आभाळ. एवढी ऐसपैस जागा असून तिघांचे प्रमुख दर सोमवारी भांडायचे ते खुर्चीवरून. याची उंच का आणि माझी बुटकी का. शेवटी ठरलं, टेबल गोल, खुर्च्या तंतोतंत सारख्या आणि तिघांनी एकाच क्षणी टेकायचं. मिस्त्री दर शनिवारी पट्टी लावून पाय मोजायचा, लागलं तर जरासं तासायचा. बावीस वर्षं हेच. देशाचं रक्षण म्हणतात ते हे बरं का.

घरी बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ती चाचपडत स्वयंपाक करायची, भाजीत मीठ दोनदा पडायचं. हा मुकाट गिळायचा आणि त्याचा जीव तुटायचा. खाजगी दवाखाना ऐपतीबाहेरचा. सैन्याची इस्पितळं तीन, एकेका दलाचं एकेक. त्याने तिन्हीकडे अर्ज केले. तिन्हीकडून एकच उत्तर: तुम्ही आमचे नाही, संयुक्तचे. आणि संयुक्त मुख्यालयाकडे म्हणाल तर ना सैनिक, ना इस्पितळ. शिक्का तेवढा भलामोठा.

तिसरं उत्तर आलं त्या शनिवारी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. भूदलाच्या खुर्चीचे पाय दोन सूत जास्त कापले गेले.

दोन सूत म्हणजे पाव इंच. पण सोमवारी भूदलप्रमुख टेकले आणि त्यांना ते मैलभर जाणवलं. नौदलाचे साहेब मिशीतल्या मिशीत हसले, हवाई दलाचे छत न्याहाळू लागले. मिस्त्रीला बोलावणं गेलं.

"कोणाचा माणूस आहेस तू?" भूदलप्रमुखांनी नौदलाकडे रोखून बघत विचारलं.

"सहा महिने मी हेच विचारत फिरतोय, साहेब," मिस्त्री म्हणाला आणि तिन्ही उत्तरं टेबलावर ठेवली. "कोणाचाच नाही."

साहेबांनी कागदांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना निलंबन हवं होतं, आत्ताच्या आत्ता. त्यांचा कारकून चाचरत म्हणाला, "साहेब, आपल्या दलाच्या पटावर नसलेल्या माणसाला आपल्याला शिक्षा करता येत नाही."

"मग घ्या त्याला पटावर."

संध्याकाळपर्यंत दोन हुकूम निघाले. पहिल्याने मिस्त्री शिक्षा संपेपर्यंत भूदलाचा झाला, दुसऱ्याने सात दिवस घरी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पहिला हुकूम खिशात घालून, बायकोचा हात धरून भूदलाच्या इस्पितळात हजर. आता नाही म्हणायची कोणाची टाप होती?

पाचव्या दिवशी तिच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. तिने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"अहो, किती वाळलात तुम्ही. मला कोणी सांगितलंच नाही."

मिस्त्री बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडला. मग तोंड धुतलं आणि थेट भूदलाच्या कचेरीत जाऊन कारकुनासमोर उभा राहिला.

"भाऊसाहेब, सात दिवस कमी पडतायत हो. शिक्षा जरा वाढवून मिळेल का? डावा डोळा राहिलाय."