पाणी आलं, म्हणजे कोणतं?

आमच्या दुष्काळी जत तालुक्याबाहेर एकटीने केलेला हा माझा पहिलाच प्रवास. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे ‘प्रकल्प’ म्हणजे नेमकं काय करायचं हे विचारायला घरी कोणी नव्हतं. विषय होता, गाव सोडावं लागलेली माणसं आता काय कामं करतात. पालघरला माझी मावसबहीण नर्स आहे. तिच्याकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बोईसरला आले.

बोईसरला कारखान्यांची पाळी बदलत होती. डबे घेतलेली माणसं रस्ताभर. तारापूरकडे जाणाऱ्या रिक्षात आधीच चौघं होती, तरी रिक्षावाला म्हणाला, “मैडम, थोड़ा सरको, एक और बैठेगा।” कोणी कोणाचं नाव विचारत नव्हतं. “गाँव कहाँ?” एवढंच.

तारापूरच्या पुढे मच्छीमारांच्या आळीत मला सुनीताताई भेटल्या. त्या जालन्याकडच्या. बहिणीने त्यांचा पत्ता दिला होता. वाळूवर जाळी अंथरून त्या जवळा (अगदी बारीक कोळंबी) सुकवत होत्या. कामाला लागून आठच दिवस झालेले. होड्यांच्या मालकीणबाई हिराबाई त्यांना म्हणाल्या होत्या, “अवसेपर्यंत काम बघते, मंग सांगते.” आज अमावास्या होती. नवऱ्याचं बोईसरमधलं काम सुटलेलं. भाड्याची खोली आता याच कामावर टिकून होती.

मी चाचरत पहिला प्रश्न विचारला. गाव सोडण्याचं कारण दुष्काळ की संघर्ष? माझ्या कागदावर एकावरच खूण करायची होती.

“एकच सांगायचं का ताई?” जवळा हाताने उलटवत त्या म्हणाल्या. “टँकर आठ दिवसांतून एकदा यायचा. आधी कोणत्या गल्लीत लावायचा, यावरून काठ्या निघाल्या. ह्यांचं डोकं फुटलं. फोडणारे भावकीतलेच. मग कुणाच्या दारात राहायचं?”

मी दोन्हींवर खूण केली.

दुपारी आम्ही त्यांच्या दारात भाकरी आणि जवळ्याची चटणी खायला बसलो. “पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्या बाया किडेच वाळवत्यात,” त्या हसत म्हणाल्या. चटणी झणझणीत होती. मी दोनदा मागून घेतली.

तेवढ्यात आळीतून हाक आली, “पानी आलं गो, पानी आलं!”

आपल्याकडे या हाकेला माणूस ताटावरून उठतो. तशाच आम्ही दोघी उठलो. त्यांनी हंडा उचलला, मी दारातली बादली, आणि आळीच्या टोकाच्या नळाकडे पळत सुटलो. नळ कोरडा. रांगेत कुणी नाही. पायरीवर बसलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, “नल कालच आलता. आता परवा येल. तुमी धावता कशाला?”

मागून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा उलगडा झाला. पाणी म्हणजे भरती. आठवडाभर समुद्र इतका वर चढलाच नव्हता. आज अमावास्येचं उधाण होतं. आम्ही परत पोचलो तेव्हा खालच्या जाळीवरचा जवळा लाटेवर तरंगत निघाला होता. गुडघाभर पाण्यात शिरून हिराबाई जाळी ओढत होत्या. आम्हीही ओढू लागलो. निम्मा जवळा गेला.

“कान कुठं ठेवलंस गो?” हिराबाई कडाडल्या. “सगल्या वरडत व्हत्या, पानी आलं, पानी आलं!”

“म्हणूनच तर पळाले, मावशी. हंडा घेऊन.”

हिराबाईंनी हंड्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या बादलीकडे. “आनि ही शिकलेली पन?”

मी बादली पाठीमागे धरली.

“नलाला भरती बघाय गेल्या दोगी!” बायांमधून कुणीतरी म्हणालं आणि एकच हशा पिकला. हिराबाई मात्र हसल्या नाहीत. त्या जाळीतला ओला जवळा ओंजळीने गोळा करत राहिल्या. सुनीताताई रिकामा हंडा कमरेवर घेऊन तशाच उभ्या. खाली ठेवायचं त्यांना सुचेना.

बऱ्याच वेळाने हिराबाई बायांकडे वळल्या. “उद्यापास्नं हिला हाक मारताना दर्या आला म्हना. पानी बोललं का ही नलावर जाते.”

पुन्हा हशा. सुनीताताई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, “ताई, उद्यापासून म्हणाल्या ना त्या?”

“हो. उद्यापासून.”

मग त्यांनी हंडा खाली ठेवला.

दोन दिवसांनी मी गावी परतले. नळाला पाणी आलं, आईने हाक मारली आणि मी नेहमीसारखी धावले. हंडा भरताना वाटलं, ‘दर्या आला’ म्हणायचं किनाऱ्यावरच्या बाया चार दिवसांत विसरतील. जुनी सवय आहे, पुन्हा ‘पानी आलं’च ओरडतील. तेव्हा सुनीताताईंना नळाकडे पाठ करून समुद्राकडे पळावं लागेल. पायांना असं नवं वळण लावणं सोपं नसणार. माझ्या पायांवर ती वेळ आली नाही. मला परत यायला घर होतं.