अण्णांच्या बाकल्याचं जेवण

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद गॅलरी दिसते. रंगाचे सहा रिकामे डबे, त्यांत कमरेइतकी उंच झाडं, आणि त्यांच्यात वाकलेले आमचे अण्णा. तीस वर्षं आमच्या नाटक कंपनीचे लाइटवाले. मी मान वळवायची आणि नेमका त्याच क्षणी गालावर उजेड पडायचा. सगळे त्यांना 'घड्याळ' म्हणत. मला मिळालेल्या टाळ्यांतला निम्मा वाटा त्यांचाच, पण हे तेव्हा त्यांना सांगायचं राहून गेलं.

कंपनी बंद पडल्यावर अण्णांनी बाकला लावला. बाकला म्हणजे पावट्याच्या घराण्यातला पैलवान. अंगठ्याएवढी जाड शेंग, आत कापसासारखी मऊ गादी आणि तिच्यावर झोपलेले तीन-चार दाणे. शेंड्यांवर काळ्या किड्यांचा मावा आला की अण्णा तो बोटानं पुसत आणि पुसता पुसता त्याचा उद्धार करत.

अण्णांची सूनबाई नर्स. तिचे गणवेश आतल्या बोळात वाळत, म्हणजे वाळतच नसत. तिला गॅलरीत दोरी हवी होती. चार महिने धुसफूस झाली आणि शेवटी तह ठरला. या शेंगांत चार माणसांचं एक जेवण निघालं तर डबे राहतील, नाहीतर दोरी. चौथं माणूस आणि साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं.

मी पोचले तेव्हा परात शिगोशीग भरली होती.

"पंधरा दिवसांपूर्वीच तोडा म्हणून मागे लागली होती ही," अण्णा सुनेकडे बोट दाखवून म्हणाले. "म्हटलं, भरू देत अजून. आता बघ परात!"

आम्ही शेंगा सोलायला बसलो. टरफलांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला, पातेल्याचा मात्र तळच जेमतेम झाकला.

"अण्णा, तुम्ही नुसत्या गाद्या पिकवल्यात," त्यांचा मुलगा म्हणाला. "झोपायला कोणी आलंच नाही."

"तू सोल मुकाट्यानं."

दाणे उकडले. सूनबाईनं एक तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. "साल चामड्यासारखं झालंय हो. कोवळे असताना तोडले असते तर..."

"माहितेय मला!"

खरंच माहीत होतं. जेवण मोठं व्हावं म्हणून शेंगा झाडावर राखल्या, आणि जन्मभर वेळेवर पडलेला हात नेमका इथे उशिरा पडला. आता एकेका दाण्याचं साल नखानं काढायचं. आतून हिरवेगार, गुळगुळीत दाणे निघाले. सगळे मिळून एक वाडगा.

"सालासकट वाढू या," सूनबाई म्हणाली. "मावशी काही परक्या नाहीत."

"चामडं वाढू तिला?"

"मग दोन बटाटे घालते."

"बटाटा घातलास की ते तुझं जेवण झालं. माझं नाही."

तेलात लसूण पडला, वर दाणे, मीठ. प्रत्येकाच्या वाट्याला चार चमचे आले. चव अशी की डोळे मिटावेत, पण मिटून उघडेपर्यंत ताट रिकामं.

"पोट भरलं बाई माझं!" मी म्हणाले.

"स्टेजवर तू इतकं वाईट कधी केलं नव्हतंस," अण्णा म्हणाले.

मुलानं फळीवरचा पाव काढला आणि चौघांत वाटला. अण्णांनी आपला तुकडा तसाच ठेवला.

सूनबाईनं हळूच म्हटलं, "तीन डबे राहू देत ना, अण्णा. उरलेल्या जागेत बांधू दोरी."

"आणि अर्धा गणवेश वाळवणार का? सगळे काढा," अण्णा उठले. "पण उद्या. आज सकाळीच पाणी घातलंय डब्यांना, उचलताना कंबर मोडेल तुमची."