न्हाणीच्या खिडकीतून दिसणारी ढोली

खरं तर हे सांगायचं नव्हतं. "एक अक्षर तोंडातून काढूचा नाय हां, मने!" असं आईने बजावलंय. पण पावसाळ्यासाठी पडवीत लाकडं रचतात ना, तशा या गोष्टी आमच्या घरात साठतात. एक ओढली की बाकीच्या अंगावर येतात!

आमच्या मागीलदारी जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत यंदा धनेश पक्ष्याची मादी बसलीय. ती आत शिरते आणि दार लिंपून स्वतःलाच कोंडून घेते. उरते फक्त एक फट. नर त्या फटीतून तिला उंबरं भरवतो. आणि बाबांना तो आंबा पावसाआधी तोडायचाय, कारण तो नव्या पत्र्यावर कललाय. आंबा पडला तर मादीही जाणार आणि पिल्लंही.

*

ढोली नीट दिसते ती फक्त न्हाणीच्या खिडकीतून. मी रोज तासभर तिथे. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर बाबांनी ओव्याच्या पाण्याचा पेला ठेवला. "पोट बरा नाय तर सांगूचा. लाजतंस कित्याक?"

मी मुकाट्याने प्यायले. दुसऱ्या दिवशी काढा आला. तोही प्यायले. मग एकदा त्यांनी मला वही घेऊन आत जाताना पाहिलं आणि ते आईकडे धावले, "पोटाचा नाय गो, परीक्षेचा टेन्शन आसा!"

*

अण्णाकाका मुंबईहून गाडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दोन्ही आरशांवर ओरखडे!

"माकडां," बाबा म्हणाले. "त्या आंब्यावरसून उतरतत. तोडूकच व्हयो तो!"

माकडं नव्हतीच. नर आरशातल्या नराशी भांडत होता, हे मी पाहिलं होतं. पण सांगेपर्यंत काकांनी आरशांना उशीचे अभ्रे घातले. मग धनेश न्हाणीच्या काचेवर येऊन मलाच चोच मारायला लागला. तो मला दुसरा नर समजला की चोर, ते अजून कळलेलं नाही.

*

शेवटी धीर करून बाबांना सगळं सांगितलं. ते कमरेवर हात ठेवून आंब्याखाली अर्धा तास उभे राहिले. झाडाखाली माणूस उभा असला की नर येत नाही. तो आलाच नाही. वर दिसली फक्त सुकलेल्या लिंपणातली फट.

"पक्षीण भिंत बांधून भितूर बसली? गवंडी आसा काय ती?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला तर वाटायला लागलं, मी खरंच काही पाहिलंय का?

*

आणि मग झाडं तोडणारे बाबलकाका आले. कटर खाली ठेवून म्हणाले, "पयला गाऱ्हाणा. त्याबिगर माझो कटर चालू होणा नाय."

बाबांनी आंब्याखाली नारळ ठेवला आणि जागा राखणाऱ्या देवाला हात जोडले. "बा राखणदारा, ह्यो आंबो आज तोडतंव, तुझी राजीखुशी असू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका आणि बाबलकाका एकदम म्हणाले.

"कोणाक इजा न होता ह्यो आंबो पडू दे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

हे मी म्हणाले. न्हाणीतून. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज निघत नाही, आणि तो एवढा मोठा कुठून आला, मला माहीत नाही!

सगळे आंब्याकडे बघायला लागले. गाऱ्हाण्यात आजवर कोणी 'नाय' म्हटलेलंच नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबलकाकांनी कटर उचलला. "राखणदार नाय म्हणता. मी चल्लंय." आणि निघालेच.

न्हाणीच्या दारात आई गरम पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं आणि कळशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच नारळ घेऊन आंब्याखाली गेले. "तुझा म्हणणा मान्य आसा म्हाराजा. पण किती दिस थांबू, ता तरी सांग." मी न्हाणीच्या खिडकीखाली दडून बसले. एकदा देवाच्या नावाने बोलले, ते खरं होतं की खोटं, हेच मला कळत नाहीये. आणि उत्तर द्यायचं तरी काय? पिल्लू बाहेर यायला अजून नेमके किती दिवस लागतील, हे मला—

"मने!" आई हाका मारतेय. "न्हाणीत जा बगू धावत! बाबा परत नारळ घेवन आंब्याखाली उभे रवलेहत!"