पुनर्पाठाचा रकाना

राग मनात धरून ठेवू नये, असं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले. मानसशास्त्राचा तास असला की फळ्यावर लिहूनसुद्धा द्यायची. आणि घरी माझ्या कपाटात, सगळ्या पदव्यांच्या खाली, एक पिवळा पडलेला कागद होता. त्याच्यावरचा राग मी एक दिवसही सोडला नाही.

तो कागद नव्व्याण्णव सालचा. मी गोंदियाच्या एका कॉलेजात बी.एड. करत होते, कामठ्याहून सायकलनं यायची. आम्हाला सूक्ष्म अध्यापन असायचं. म्हणजे सहा मिनिटांचा पाठ, समोर आपलेच वर्गमित्र आठवीची पोरं होऊन बसलेले, आणि मागच्या बाकावर सर, हातात घंटी आणि निरीक्षणाचा तक्ता. पाठ झाला की सरांनी चुका सांगायच्या आणि तोच पाठ दुसऱ्यांदा घ्यायला लावायचा. त्याला पुनर्पाठ म्हणतात. तक्त्यावर पाठ आणि पुनर्पाठ असे दोन रकाने शेजारी शेजारी असत. दुसरी संधी हाच त्या पद्धतीचा जीव आहे, नाहीतर मग ती नुसती परीक्षा.

माझा पाठ होता प्रकाशाच्या परावर्तनावर, कौशल्य होतं साधनाचा वापर. ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी मी चार पारदर्शिका काढल्या होत्या, स्केचपेननं, तीन दिवस बसून. पहिली ठेवली आणि लाईट गेली. मी एका मैत्रिणीच्या पर्समधला पावडरच्या डबीचा आरसा मागून घेतला, खिडकीतलं ऊन त्यावर धरलं आणि कवडसा छतावर फिरवला. खोटी खोटी आठवीतली ती मोठी माणसं खरंच मान वर करून त्याच्यामागं फिरली. पाठ घंटीच्या आत संपला.

सरांनी लिहिलं, "साधनाचा वापर झाला नाही." आणि शून्य.

"सर, पुनर्पाठ कधी घेऊ?"

"तुम्हाला कशाला पुनर्पाठ? तुम्ही तर आरशानं शिकवता," ते म्हणाले आणि वर्ग हसला. ज्यांच्या माना मघाशी वर होत्या, तेही हसले. त्या दिवशी लाईट गेल्यानं अडलेल्या बाकी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी पुनर्पाठ मिळाला. माझा रकाना कोराच राहिला. बाहेर नळाजवळ मैत्रीण म्हणाली, "काऊन रडून राहिली वं? सहा मिनटाचा तं पाठ होता." सहा मिनिटांचाच होता. पण त्या शून्यानं माझा पहिला वर्ग गेला. पुढं एम.एड. करून त्याच कॉलेजात शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले, तर समोर हेच सर. फाईल उघडली, मिटली. "बी.एड.ला पहिला वर्ग नाही." संपलं. मग सात वर्षं मी सालेकशाला गाडीनं जाऊन तासिकेवर शिकवत राहिले.

ही झाली उधारी. आता वसुली सांगते.

दोन हजार अकराच्या आसपास मी गोंदियातच दुसऱ्या एका कॉलेजात विभागप्रमुख होते. प्राध्यापकांच्या उजळणी वर्गात संगणकाचा भाग माझ्याकडं होता. शेवटी प्रत्येकानं सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, तक्ता मी भरायचा. यादी आली आणि त्यात सरांचं नाव. निवृत्तीआधीच्या पदोन्नतीसाठी त्यांना हे प्रमाणपत्र लागत होतं. मी यादी खाली ठेवली, चहा मागवला, आणि भिंतीवरचं भारनियमनाचं वेळापत्रक नीट वाचलं. मग सरांची पाळी बरोबर लाईट जायच्या वेळेला लावली. मुद्दाम लावली. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

सरांनी जिल्ह्याच्या नकाशावर चाळीस स्लाईडी आणल्या होत्या. दुसऱ्या स्लाईडीला लाईट गेली.

"मॅडम, लाईट आली की करतो."

"सर, तुमची सहा मिनिटं सुरू आहेत."

ते रिमोट धरून उभे राहिले. मी घड्याळाकडं बघत घंटी वाजवली आणि लिहिलं, "साधनाचा वापर झाला नाही." ते वाक्य मला पाठच होतं. वर म्हटलं, "उद्या पुनर्पाठ. हीच वेळ." पुनर्पाठ किती वेळा घ्यावा, याला नियमात मर्यादा नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच झालं, परत तेच लिहिलं. तरणे प्राध्यापक मागं कुजबुजायला लागले. मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सर लॅपटॉप न घेताच आले. खडू काढला, गुडघे धरत खाली बसले आणि फरशीवर जिल्हा काढला. एकाला गोंदिया केलं, एकीला कामठा, एकाला सालेकसा. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही चिचगड," आणि पार दाराच्या कोपऱ्यात उभं केलं. कोणाच्या उत्तरेला कोण, कोणाला कुठून किती लांब पडतं, सगळा हॉल हसत सांगू लागला. सहा मिनिटांत नकाशा कळला. अख्ख्या वर्गातला सगळ्यात चांगला पाठ, आणि तो या माणसाचा. मी जळले. पण तक्त्यावर खोटं लिहिणं मला जमत नाही, ते त्यांचं काम. पूर्ण गुण दिले.

जेवणाच्या सुट्टीत ते हात जोडून आले. "मॅडम, इतक्या वर्षांत मला असं कोणी शिकवलं नाही. तुमचं बी.एड. कुठलं?"

त्यांना मी आठवतच नव्हते. बारा वर्षं मी ज्याला रोज शिव्या घातल्या, त्याच्या डोक्यात मी एक तासही नव्हते. तोपर्यंत मी शांत होते. आता नव्हते.

यादी आली त्याच दिवशी कपाटातला तो कागद मी पर्समध्ये टाकला होता, तो काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. स्वतःचं अक्षर ओळखलं, सही ओळखली, मग माझं नाव वाचलं. "मॅडम, मला माफ..."

"माफबिफ काही नाही. बसा तिकडं. ही घंटी घ्या. माझा पुनर्पाठ राहिला आहे."

हॉलमध्ये आम्ही दोघंच. लाईट आली नव्हती, ऊन होतं. मी माझ्या पर्समधला आरसा काढला आणि तोच पाठ घेतला, पहिल्या वाक्यापासून. छतावरून कवडसा भिंतीवर आणला, भिंतीवरून बाकावर, आणि नेऊन त्यांच्या तोंडावर धरला. त्यांनी हात आडवा केला.

"हात खाली, सर. आठवीचा मुलगा असा हात धरत नाही."

त्यांनी हात खाली घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, उन्हानं असेल. घंटी वाजवायला ते विसरले, मीच थांबले. मग त्यांनी कोऱ्या रकान्यात एकेक ओळ भरली, आणि पेन धरून विचारलं, "तारीख कोणती टाकू?"

"आजची. मी आजवर थांबली."

त्यांनी सही केली, कागद माझ्याकडं सरकवला. मी बघितला आणि परत त्यांच्यापुढं ठेवला. "बेरीज राहिली, सर."

त्यांनी बेरीज केली. मी ती दोनदा तपासली.