बुद्धाची लेणी आणि बुधवारची म्हैस

उर्दू आपल्याला झकास येते, असा तरुणपणी माझा ठाम समज होता. निजामाच्या शाळेत शिकलो, गणितात नापाससुद्धा उर्दूतून झालो, त्यामुळं असा समज व्हायला जागा होती. धाराशिवच्या बार्शी नाक्यावर एका दुपारी तो उतरला, आणि उतरताना माझ्या मामांना तुरुंगाच्या दारापर्यंत घेऊन गेला.

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तर जो तो भ्यालेला. बार्शी म्हणजे सरहद्दीपलीकडचा मुलूख. तिकडून बंदुका येतात असा सरकारला संशय, आणि इकडून माणसं तिकडं पळतात अशी खबर. नाक्यावर कडब्याच्या गाड्यांत सळया खुपसून बघत. मामा तहसील कचेरीत कारकून होते. घरात दार लावायचे, खिडकी लावायचे आणि मग आवाज खाली करून बोलायचे. सुट्टीला मी सोलापूरहून आलो, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, "कुठं भटकायचं न्हाय. तुझ्यापायी माझी नोकरी गेली, तर तुझी मामी मला जेवायला घालणार न्हाय. तुला तर मुळीच न्हाय."

पण माझ्या डोक्यात बुद्ध शिरला होता. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं, की आपलं तेर ही फार जुनी व्यापाराची नगरी, तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ मूळचं बौद्धांचं, आणि धाराशिवच्या डोंगरातली लेणीही आधी भिक्षूंनीच कोरलेली. तेर मी मामांच्या बरोबर बघून आलो. विटांचं देऊळ, मागून गोल, पाठ बसलेल्या हत्तीसारखी. गल्लीतल्या पांढऱ्या मातीत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे पायाखाली येत होते. मी पुजाऱ्याला ज्ञान पाजलं, "महाराज, हे मुळात बुद्धाचं ठिकाण आहे बरं का."

गंध उगाळता उगाळता तो म्हणाला, "असंल. पर सध्या दक्षिणा ह्यो देव घेतो, तेवढी ठिवा."

राहिली लेणी. ती बार्शी नाक्याच्या पलीकडं, म्हणजे मामा मला तिकडं सोडणं शक्यच नव्हतं. पेठेत जाऊन येतो म्हणून मी त्यांची सायकल काढली, फडक्यात भाकऱ्या बांधल्या, बॅटरी खिशात घातली. नाक्यावरचे शिपाई झाडाखाली जेवायला बसले होते. कुणी हटकलं नाही. आपण फार हुशार आहोत असं मला वाटलं. हे वाटलं की माझं पुढं काय होतं, ते एव्हाना ओळखायला हवं होतं.

डोंगराच्या घळीत काळा दगड कोरून केलेली ती लेणी भर उन्हातही गार होती. मोठ्या लेण्यात शिरलो. खांबांच्या रांगा, त्यांच्यामागं अंधार, आणि तिन्ही भिंतींत भिक्षूंच्या लहान लहान खोल्या. वटवाघळांचा वास नाकात भरला. आत गाभाऱ्यात पाणी साचलेलं, आणि त्याच्या पलीकडं भलीमोठी बसलेली मूर्ती. बॅटरीचा उजेड तिच्या गुडघ्यापर्यंतच पोचत होता. तोंड दिसेना. कुणीतरी वरून आपल्याकडं बघतंय, आणि आपल्याला मात्र ते दिसत नाही, ह्या विचारानं माझ्या पाठीला घाम फुटला. बाहेर निघावं म्हणून वळलो, तर उजेड एका खोलीत पडला आणि तिथं दोन हिरवे डोळे चमकले.

मी "आई गं" म्हणून उलटा पळालो आणि खांबावर कपाळ आपटलं. बॅटरी घरंगळत गेली. ती उचलायला कुणीतरी पुढं आलं. मानवी हात होता, आणि दुसऱ्या हातात कोयता.

"वरडू नगंस," माणूस म्हणाला. "शेळी हाय ती."

त्याच्यामागं एक बाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तान्हं मूल. तीच बोलली. "गाव सोडून आलोय, दादा. बार्शीकडं जायचंय. सासरा मागं ऱ्हायलाय, त्यो आला की निघतो. मला दूध न्हाय, म्हनून शेळी बरोबर."

"कुनाला सांगशील?" माणसानं विचारलं.

"नाही."

"असं न्हाय. लेकराच्या डोस्क्यावर हात ठिवून सांग."

मी हात ठेवला. टाळू उडत होती. भाकऱ्या त्यांच्याजवळ ठेवल्या आणि कपाळावर टेंगूळ, सदऱ्यावर वटवाघळांची घाण अशा थाटात सायकल हाणत परत निघालो.

ह्या वेळी शिपायांची जेवणं झाली होती. नाक्यावरचे जमादार पिकल्या मिशांचे, पान खाणारे, सावकाश बोलणारे. सावकाश बोलणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

"कां से आरै जी?"

आपली उर्दू दाखवायची संधी आली असं मला वाटलं. सांगायचं होतं, बुद्धाची लेणी बघायला गेलो होतो. सुरुवात केली, "हुजूर, बुद्ध की लेनी..." आणि तेवढ्यात आठवलं, की लेण्यात कोण आहे. वाक्य तिथंच सोडलं.

जमादारांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बुध को लेनी? मतलब चारशंबे को? क्या लेनी है चारशंबे को?"

माझ्या लक्षात आलं, की ह्या भल्या माणसाला बुद्धाचा बुधवार ऐकू आला आणि लेणी म्हणजे काहीतरी घेणं. बुधवारी, सरहद्दीजवळ, काहीतरी घ्यायचंय. बाजूच्या शिपायानं बंदूक खांद्यावरून खाली घेतली.

एका वाक्यात सुटलो असतो. लेणी म्हणजे गुहा, हुजूर, दगडातल्या गुहा. पण ते वाक्य ऐकल्यावर हे लोक टेकडी चढले असते. हाताला ती टाळू अजून लागत होती.

"बोलो जी. क्या लेनी है? बंदूक?"

"भैंस!" मी ओरडलो.

"भैंस?"

"भैंस लेनी है, हुजूर."

"कां से?"

आता इथं कुठल्याही गावाचं नाव घ्यायचं. नळदुर्ग म्हणावं, ढोकी म्हणावं. मी म्हणालो, लेण्यांच्या खालची वाडी. दुसरं गावच डोक्यात येईना. ज्या जागेपासून जमादारांना लांब ठेवायचं, तिथलंच मी त्यांना आवतण दिलं.

त्यांनी मामांना बोलावून घेतलं. मामा आले, माझं टेंगूळ बघितलं, म्हशीचं ऐकलं. त्यांच्या घरात मांजराला पाय पसरायला जागा नव्हती. पण कचेरीत इतकी वर्षं काढलेला माणूस. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "हौ, जमादारसाब. घर में दूध की बहुत तकलीफ है."

"अच्छा है," जमादार म्हणाले. "मैं भी चलता साथ में. भैंस निकली तो मुबारक. नहीं निकली तो दोनों कू अंदर करना पड़ता, क्या करूं."

घरी आल्यावर मामांनी दार लावलं, खिडकी लावली.

"खरं काय हाय?"

"सांगता येत नाही, मामा. शपथ घेतलीय."

मामांनी कपाळाला हात लावला. मग कळवळून म्हणाले, "अरे, पण म्हैस कशाला म्हणालास, लेका? कोंबडी म्हणायचं होतंस! कोंबडीपण लेनीच की!"

वाडीतला एक शेतकरी कचेरीत यायचा, त्याला मामांनी गाठून पढवलं. मामींच्या पाटल्या सोनाराकडं गेल्या. मी एक लेणं बघायला गेलो आणि मामींचं दुसरं लेणं गेलं. त्या मला वाढताना फक्त ताट थोडं जोरात ठेवायच्या.

बुधवारी आम्ही तिघं निघालो. जमादार मजेत होते, पण कमरेला पिस्तूल होतं. घळीच्या खाली आलो आणि वरून स्पष्ट आवाज आला. बें.

जमादार थांबले. "ऊपर कौन है?"

मला काही सुचलं नाही, म्हणून मी तोंड उघडलं आणि ओरडलो, "बेंऽऽ!"

दोघांनी वळून बघितलं. जमादारांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. मामांच्या चेहऱ्यावर काय होतं ते इथं लिहिता येणार नाही.

"मैंच निकाला, हुजूर," मी म्हणालो. "बचपन से आता मेरे कू."

"तुम? फिर निकालो!"

निकालो तर निकालो. वाडी येईपर्यंत मी शेळी झालो, बोकड झालो, करडू झालो. वरचा आवाज बुडावा म्हणून जीव तोडून ओरडत होतो. जमादारांना हसून हसून खोकला लागला. वाडीतली बाया-माणसं दारात आली. मामा चार पावलं मागून चालत होते, माझं-त्यांचं नातं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

म्हैस निघाली. जमादारांनी तिचे दात बघितले, कास दाबली, मुबारक म्हणाले. परत येताना घळीखाली नेमके तिथंच थांबले. "अब एक बार, जी. जोर से."

सकाळी ओरडताना वरची शेळी झाकायची होती. आता ओरडलो आणि तिनं उत्तर दिलं तर? मामांनी दावं घट्ट धरलं. मी ओरडलो. घळीतून आवाज परत आला. फाटका, घोगरा, माझाच. आम्ही तिघंही ऐकत उभे राहिलो. पुन्हा काही आलं नाही.

जमादार हसत पुढं गेले. मामा माझ्याजवळ सरकले आणि ओठ न हलवता विचारलं, "शेळी बाळगलीय, म्हणजे बरोबर लेकरू हाय का रे?"

"होतं," मी म्हणालो.

मामांचा चेहरा पांढरा पडला. पाय जागीच थांबले. मी घाईघाईनं म्हणालो, "तसं नाही, मामा! आता निघून गेले असतील पलीकडं, म्हणून होतं म्हणालो."

मामांनी श्वास सोडला. "मराठी तरी नीट बोलत जा, गाढवा," असं म्हणून ते लगबगीनं पुढं गेले आणि जमादारांना म्हशीच्या शिंगांबद्दल काहीतरी मोठमोठ्यानं सांगू लागले. नाका येईपर्यंत त्यांनी त्यांना मागं वळून बघू दिलं नाही.