कुलूपवाले भावजी

माझे धाकटे दीर कुलूपवाले. बाजारातल्या जिन्याखाली त्यांचं हातभर दुकान होतं आणि किल्ली हरवलेली माणसं तिथे पडल्या चेहऱ्याने येत. भावजी आधी त्यांची यथेच्छ टिंगल करत, मग कुलूप उघडत. माझ्या कपाटाची किल्ली तिसऱ्यांदा हरवली तेव्हा म्हणाले, "वहिनी, एवढं शिकलात, आता किल्ली जागच्या जागी ठेवायलाही शिका." राग आला होता, पण कपाट उघडेपर्यंत बोलायची सोय नव्हती.

हा माणूस म्हातारपणी विसरायला लागला. बायकोचं नाव विसरले, मग ती वारल्याचंही विसरले. हात मात्र काही विसरले नाहीत. भावजी भरदुपारी घराबाहेर पडत आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहत. मुलाने दाराला कुलूप लावलं, ते त्यांनी सुनेच्या केसांच्या पिनेने उघडलं. मुलाने महागातलं आणलं. तेही उघडून वर शेरा मारला, "माल हलका आहे." आम्ही हसलो. मग एकदा ट्रकवाल्याने ऐनवेळी ब्रेक दाबला म्हणून वाचले, तेव्हापासून कोणी हसेना.

वृद्धाश्रमाचं ठरलं तशी नातेवाइकांनी नाकं मुरडली. त्यांतला एकही "चार दिवस आमच्याकडे पाठवा" म्हणाला नाही. मीही म्हटलं नाही. माझे गुडघे त्यांच्यामागे धावणारे नव्हते. सून तर नोकरी सोडून घरी बसली होती. तिला बोल लावणाऱ्यांशी मी बोलणंच टाकलं.

सोडायला मुलगा, सून आणि मी असे तिघं गेलो. खोली स्वच्छ, खिडकीला जाळी, पलंगावर निळी चादर. निघताना मुलगा सवयीने म्हणाला, "बाबा, येतो आम्ही."

"या," भावजी म्हणाले.

पुढच्या रविवारी गेलो तर भावजी फाटकासमोरच्या बाकावर, पायांत बूट घालून बसलेले. तिथल्या व्यवस्थापिका बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. "दिवसरात्र असेच बसतात. फाटकाच्या कुलपाला हातसुद्धा लावत नाहीत. म्हणतात, पोरं 'येतो' म्हणून गेलीत, उगाच चुकामूक व्हायची. पलंगावर पाठ टेकत नाहीत, बूट काढू देत नाहीत. पाय बघा त्यांचे."

घोटे सुजून बुटांच्या काठांवर आले होते.

"आज निघताना सरळ 'जातो' म्हणा," बाई म्हणाल्या. "म्हणजे वाट बघणं तरी थांबेल."

बाईंना सांगणं सोपं होतं. मुलगा खाली बसून वडिलांच्या बुटांच्या नाड्या सैल करत राहिला. शेवटी सून पुढे झाली. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, आम्ही जातो."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत त्यांच्या नजरेत एवढी ओळख दिसली नव्हती.

"जातो काय, वेडाबाई? घरच्या माणसांना असं म्हणतात का कधी? येतो म्हणावं."

ती माझ्याकडे बघायला लागली. जन्मभर मी कोणाची भीड ठेवली नाही, पण तिथे ठेवली. म्हटलं, "म्हण बाई, ते म्हणतात तसं."

"येतो, बाबा."

"हां, असं," भावजी म्हणाले आणि मुलाने सैल केलेल्या नाड्या पुन्हा घट्ट बांधायला वाकले.